करीमचाचांचे जुने पेशंट

करीमचाचा मेलेल्या माणसाची तब्येत विचारत. तीही कालपरवा मेलेल्याची नव्हे, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्याची.

निजामाच्या अमलातली गोष्ट. मी हट्टा गावी मास्तर होतो आणि चाचा माझ्या शेजारी राहत. सरकारी दवाखान्यात जन्मभर मलमपट्टी करून ते घरी बसले होते, पण गाव त्यांना 'ड्रेसरसाहेब'च म्हणे. गावाबाहेरच्या जुन्या टेकाडावरून लोक घरांच्या धाब्यांवर पसरायला पांढरी माती आणत. खणताना कधी रांजणात पुरलेली हाडं निघत. लोक कुदळी टाकून पळत, तेव्हा चाचा छत्री घेऊन तिकडे धावत.

"काय तकलीफ होती, बाबा?" असं विचारत ते हाडांपुढे उकिडवे बसत. माती फुंकून, बोट फिरवून निदान करत. "नडगी बघा मास्तर, कशी फुगली. अंदर पू धरला होता. आपलं काळं मलम असतं तर बचावला असता." आपण जरासेच उशिरा पोचलो, अशी हळहळ त्यांच्या आवाजात असे.

एकदा भर चावडीत ते पाटलांना म्हणाले, "तुमच्या पणजोबाच्या जबड्यात गळू होतं."

"आमच्या खानदानाला नावं ठेवून राहिले का?" पाटील भडकले.

"न्हाई हो. तुमच्या वावराला लागून निघाला, म्हणून तुमचाच म्हटलं."

एका हिवाळ्यात रांजणातून पूर्ण सांगाडा निघाला. कंबरेच्या हाडावरून चाचा म्हणाले, बाई आहे. मग त्यांचं बोट कण्यावर आलं आणि तिथंच थांबलं. पाठीचे तीन मणके खचून पुढे कलले होते आणि एकमेकांत मिसळून त्यांचं एकच हाड झालं होतं.

"मणक्याचा क्षय," ते हळूच म्हणाले. "हैदराबादेत एक्स-रे बघितला मी. बराबर असाच." त्यांनी जबडा उचलून दाढा पाहिल्या आणि ते घराकडे जवळजवळ पळत सुटले.

तासाभरानं पडदा लावलेली बैलगाडी आली. चाचांनी आपल्या बायकोला, खैरूनचाचींना, हात धरून उतरवलं. चाचींच्या पाठीला दोन वर्षांपासून बाक येत चालला होता आणि त्या घराबाहेर पडत नसत. तो एक्स-रे कुणाचा, हे मला तेव्हा कळलं.

चाचांनी कोटाची घडी करून त्यांना बसवलं आणि त्यांचं बोट त्या हाडावर ठेवलं. "बीमारी तुझीच. पण हाड जुळलं बघ. म्हणजे बीमारी थांबली. आन् दाढा किती झिजल्या! म्हातारी होऊन गेली ही. ना डाक्टर, ना दवा."

"मंग जगली कशी?"

"कोणीतरी पानी भरलं असंल. भाकर करून घातली असंल. लई वर्सं."

चाचींनी ते हाड पुन्हा एकदा चाचपलं. "तिची भाकर नरम असंल," त्या म्हणाल्या. "तुमची तर चामड्यावानी होते."

चाचा पोट धरून हसले. मग त्यांनी एकेक हाड रांजणात नीट ठेवून वर माती ओढली. गाडीवान बैल जुंपायला उठला, तसा चाचींनी त्याला हातानं थांबवलं.

"बस जरा, बाबा. ऊन बरं वाटून राहिलं."