हौ म्हना, बस

आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात बसून एक माणूस रोज सकाळी बडोदा, डोंबिवली आणि ऑस्ट्रेलियाची हजेरी घेत असे, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, सुनंदाबाई, डोकं ठिकाणावर आहे ना? माझं आहे. त्याच्याबद्दल मी हमी घेत नाही. तो माझ्याच सायबर कॅफेत, दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसायचा. तिथे दुसरं कोणी बसलेलं असलं, की त्याच्या पाठीशी उभा राहून असा काही जोरजोरात श्वास घ्यायचा, की कॉलेजची पोरं आपलं प्रेमाचं चॅटिंग अर्ध्यात टाकून उठायची.

बापूराव लांजेवार. सगळ्या गल्लीचे लांजेवार काका. सिंचाई विभागातून बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून रिटायर झालेले. तोंडावर कायम असा भाव, की तुमच्या अर्जाला तिकीट लावलेलं नाही, उद्या या.

काकांचं घर माझ्या दुकानापासून दोन घरं सोडून. माझं आधी नुसतं एसटीडी-पीसीओ होतं, काचेच्या एका केबिनचं. मग सगळ्या गावानं सायबर कॅफे काढले म्हणून मीही तीन कॉम्प्युटर मांडले. नवरा मलाजखंडला तांब्याच्या खाणीत. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. संसार आणि सायबर, दोन्ही माझ्याच गळ्यात. मी मूळची इंदूरची. आमच्याकडे 'हो'ला 'हो'च म्हणतात. इथे आल्यावर कळलं की 'हौ' म्हणायचं असतं. मी ठरवलं, जीव गेला तरी म्हणणार नाही. काका रोज दुरुस्ती करायचे.

"लाइन चालू हाय का वं, सुनंदे?"

"हो."

"हो नाही. हौ."

"हो, काका."

"इंदूरवाल्यायले कोन शिकवन!" असं पुटपुटत ते खुर्ची ओढायचे.

कॉम्प्युटरचा नाद त्यांना पुण्यातल्या मुलानं लावला. "बाबा, पत्रं नका पाठवू, मेल करा," म्हणाला. काकांनी मेल केली. वरती 'विषय : गुडघेदुखीबाबत', खाली 'आपला आज्ञाधारक'. स्वतःच्या पोटच्या पोराला! मुलाचं उत्तर आलं, 'ओके बाबा. टेक केअर.' काकांनी दुसरी मेल केली, 'विषय : पूर्वीच्या मेलचे स्मरणपत्र.' अशी चार-पाच स्मरणपत्रं झाल्यावर मुलानं बापाला एका ग्रुपात घालून दिलं आणि सुटला. एकट्या बापाची अशी परस्पर सोय लावायला पोरगं हुशारच लागतं.

ग्रुपचं नाव 'आपुलकी'. गावोगावची, देशोदेशीची मराठी माणसं आपापली दुखणी तिथे लिहायची. एकानं लिहिलं की ते सगळ्यांच्या मेलमध्ये यायचं आणि मग बाकीचे धीर द्यायचे, पथ्य सांगायचे, नाहीतर स्वतःचं त्याहून मोठं दुखणं काढून दाखवायचे. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं उमटत नसत. सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत ठोकायचं.

आणि इथेच आमच्या काकांनी इतिहास घडवला. पहिल्याच दिवशी एका बोटानं त्यांनी लिहिलं, "मले शुगर हाय. मले झोप येत नाही. मले कोनी इचारत नाही." आता 'मले' इंग्रजीत कसं लिहाल? एम, ए, एल, ई. झालं! ऑस्ट्रेलियातल्या एका पोरीनं इंग्रजीतून कळवलं, की सर, आपण पुरुष आहात हे समजलं, पुढे सांगा. बडोद्याच्या सिंधूताई म्हणून एक होत्या, त्यांनी लिहिलं, "काका, पुरुषांना झोप येत नाही हे खरंय, पण दर ओळीत पुरुष असल्याचं कशाला सांगता? आम्ही विश्वास ठेवतो."

मी खुर्चीवरून पडायची बाकी राहिले होते. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "काहून हासतं वं? ह्या बाईले मराठी येत नाही."

दुसरा घोटाळा 'हौ'चा. डोंबिवलीचे कारखानीस, गुडघ्यांचे पेशंट, त्यांनी विचारलं, "काका, गोळी घेतलीत का?" काकांनी लिहिलं, हौ. एच, ए, यू. कारखानिसांनी ते 'हाऊ' वाचलं, म्हणजे 'कशी?' आणि सविस्तर उत्तर दिलं, "पाण्याबरोबर. जेवणानंतर." काकांनी लिहिलं, हौ. कारखानिसांनी लिहिलं, "कोमट पाण्याबरोबर." काकांनी लिहिलं, हौ हौ. बिचारे कारखानीस दुपारपर्यंत गोळी कशी गिळावी ते समजावून सांगत होते.

पण माणूस मोठा चिवट. महिन्या-दोन महिन्यांत त्यांनी अख्ख्या ग्रुपाला 'हौ' शिकवलं आणि मग आपली ऑफिसातली जुनी हौस बाहेर काढली. हाजरी! रोज सकाळी दुकान उघडलं की काका ग्रुपावर लिहिणार, "हाय का सगळे?" आणि ज्यानं त्यानं उत्तर द्यायचं, "हौ." नुसतं हौ. दुखणं नंतर. कारखानिसांनी एकदा 'होय' लिहिलं, तर काकांनी नामंजूर केलं. मला म्हणाले, "होय म्हनजे इचार करून देल्ला जवाब. हौ म्हनजे आतून येते. खोटं बोलता येत नाही."

"आणि तुमची हजेरी कोण घेतं, काका?"

"हाजरी घेनाऱ्याची हाजरी नसते. नियम वाच."

कोणाचं 'हौ' यायला उशीर झाला की काकांचा जीव वरखाली. कोणी लग्नाला गेलं, कोणाची लाइन बंद पडली, ह्या सबबी त्यांना मान्यच नव्हत्या. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "गैरहाजर मानूस आन मेलेला मानूस, सुरवातीले सारखाच दिसते." असं शुभ बोलून ते रोज माझ्या बोहनीच्या वेळेला बसायचे.

तुम्हाला वाटेल, काय हो प्रेमळ गृहस्थ! थांबा. मला टायफॉइड झाला तेव्हा दोन घरं पलीकडून हाच गृहस्थ खिडकीशी आला आणि म्हणाला, "दुकान कधी उघडशीन?" शेजारच्या गुप्ताजींची कंबर धरली, तर ह्यांनी उपदेश केला, "बैठो मत, बैठने से ही बैठती है." गल्लीतल्या कोणाच्या बारशाला नाही, कोणाच्या बाराव्याला नाही. त्यांची बायको, कमलाकाकू, ह्याच्या दोन वर्षं आधी गेल्या तेव्हा लोक भेटायला आले, तर ह्यांनी दारातच सांगितलं, "झालं ते झालं. चहा कोन करन? या तुम्ही." माणुसकी जी काय होती ती सगळी बडोद्याला पोस्ट होत होती.

आणि पथ्याच्या बाबतीत तर विचारूच नका. समोरच्या हॉटेलात पोहे आणि वर पावभर गरम जिलेबी चापून, बोटं लेंग्याला पुसून काका माझ्याकडे यायचे आणि ग्रुपावर लिहायचे, "साखर म्हनजे जहर. मनावर ताबा पायजे." मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "जिलेबी गरम असली तं शुगर वाफेसंगं उडून जाते. थंडी खाल्ली तं मेला." चष्म्यावर जिलेबीची वाफ अजून तशीच असायची.

ग्रुपात त्यांचं सगळ्यांत जास्त भांडण सिंधूताईंशी. सिंधूताईंची मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पण जीभ शाबूत. काकांनी त्यांना कारल्याचा रस सुचवला, तर त्यांनी लिहिलं, "काका, मला पाणीसुद्धा मोजून मिळतं, रस तुम्हीच प्या, तोंड आहे त्याहून कडू होणार नाही." काका दिवसभर खूश. डायलिसिसच्या दिवशी मात्र दवाखान्यात जाण्याआधी सिंधूताई न चुकता हौ टाकायच्या, आणि काका ते वाचूनच जिलेबी खायला जायचे. आधी नाही.

मग एका सकाळी सिंधूताईंचं हौ आलं नाही.

काका बसून राहिले. पोरं मागे येऊन उभी राहिली, उठले नाहीत. दुपारी परत आले. तेव्हा आमच्याकडे वीज म्हणजे जावई होती, मनात येईल तेव्हा यायची आणि आली की तिचे लाड करायचे. नेमकी गेलेली. काका अंधाऱ्या कॉम्प्युटरसमोर बसले.

"काका, लाइट नाही."

"मले दिसते."

"मग बसून काय करताय?"

"आली तं पयले मीच पाह्यन."

दुसऱ्या दिवशीही नाही. कारखानिसांना विचारा म्हटलं, तर कारखानिसांकडेही सिंधूताईंचा फोन नंबर नव्हता. ऑस्ट्रेलियाची पोर म्हणाली, शोधते. काकांनी ग्रुपावर रागावून लिहिलं, "एकमेकायच्या किडन्या माहीत हायेत, नंबर माहीत नाही. शरम नाही वाटत?" त्या दिवशी समोरच्या हॉटेलवाल्यानं मला विचारलं, "काकाजी बीमार हैं क्या? जलेबी को नहीं आए." तेव्हा मीही हळूच दोन नंबरवर डोकावून आले. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या सकाळी त्या पोरीनं कुठून तरी नंबर मिळवून पाठवला. काका कॉम्प्युटरवरून उठले ते सरळ केबिनीत. माझ्या केबिनीचं दार पावसानं फुगलेलं, पुरतं लागायचंच नाही, त्यामुळे गावातली अर्धी लफडी मला ठाऊक. मी कान दिला.

पलीकडे सून असावी. काका आपल्या ऑफिसच्या आवाजात सुरू झाले, "मी बालाघाटवरून बोलून राह्यलो, लांजेवार, रिटायर बडेबाबू. सिंधूबाई हायेत काय?" मग पलीकडचं ऐकून घेतलं. मग आवाज उतरला. "कालच आल्या काय घरी... बोलता येत नाही... नोको, नोको, बोलू नका म्हना. काही बोलाचं नाही. कानाले लावा फक्त." परत थांबले. आणि मग फोनवर नाही, जसं ओसरीवरून आत स्वयंपाकघरात हाक मारावी तसे म्हणाले, "हाय का वं?"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. काकांनी नमस्कार नाही, चमत्कार नाही, रिसीव्हर खाली ठेवला आणि केबिनीतल्या स्टुलावर बसले.

मी पाणी नेलं. "काय म्हणाल्या?"

"हौ म्हने." पाणी प्यायले. ग्लास हातातच धरला. "असाच आवाज असते वं. आतून येते."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "इतकी काळजी बरी नाही काका, तब्येतीला."

"कमलाले मी दिवसभर आवाज देत जाओ," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, केबिनीच्या काचेकडे बघून. "ओसरीत बसून. हाय का वं? थे आतून म्हने, हौ. काही काम नाही, काही नाही. आपलं, हाय का, हौ. त्या दिवशी सकायी आमचं भांडन झालतं. वांग्याच्या भाजीवरून. मंग मी आवाज देल्ला, तं जवाब नाही. म्या म्हटलं रुसली. पेपर वाचत होतो. पुरा वाचला. राशिभविष्य बी वाचलं. तिचं बी वाचलं. चांगलं होतं."

मी ग्लास घ्यायला हात पुढे केला, त्यांनी तो सोडला नाही.

"डॉक्टर म्हने, तेव्हाच आलो असतो तं वाचली असती असं काही नाही," काका म्हणाले. "असं काही नाही म्हने. वाचली नसती, असं बी नाही म्हने थो."

मग ग्लास माझ्या हातात देऊन ते चिडक्या आवाजात म्हणाले, "हे दार काहून दुरुस्त करत नाही तू? सारं गाव आइकते," आणि घरी निघून गेले.

चार-सहा दिवसांनी सकाळी काका दोन नंबरवर बसले होते आणि सिंधूताईंची मेल आली. मीही मागून डोकावले, आता माझाही जीव गुंतला होता. लिहिलं होतं, "हौ. उशिराबद्दल माफी, बडेबाबू. एक विचारू? तुम्ही रोज आमची हाजरी घेता. तुमची कोण घेतं? आजपासून मी घेणार. लांजेवार, हाय का?"

नियम वाच, असं काका म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. काकांनी एक बोट वर केलं आणि एच दाबला. मग बोट तसंच हवेत.

"ए डावीकडे आहे काका."

"मले माहीत हाय."

"मग?"

"दिसून नाही राह्यलं. चष्म्यावर वाफ आली. जिलेबीची."

समोरचं हॉटेल त्या दिवशी बंद होतं. मी वाकले, ए दाबला, यू दाबला.

"पाठवू?"

"थांब." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला, पण बघितलं नाही. "नीट वाच पयले. हौच लिवलं ना वं? होय नाही ना?"

"हौ, काका," मी म्हटलं.