मुकाट भानुदास

आमच्या स्टोअरमधल्या भानुदासला कुणी “काय, कसं काय?” असं विचारलं, की तो शांतपणे उलट विचारायचा, “कशाचं?”

विचारणारा गडबडायचा. कारण त्याला कशाचंच काही विचारायचं नसायचं.

रांजणगावच्या कंपनीत आम्ही दोघं एकाच खात्यात. गाव एकच, राहू. शिरूरला भाड्याच्या खोल्याही एकाच गल्लीत. एवढं जुळल्यावर दोन माणसांत चार शब्द व्हावेत की नाही? सहा वर्षं कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलो, पण “सरका” यापलीकडं हा गृहस्थ गेला नाही. एकदा ड्रायव्हर सहज म्हणाला, “आज लई गरम होतंय.” भानुदास म्हणाला, “यात माहिती काय? तुम्हालाबी होतंय, मलाबी होतंय. मग सांगितलं कुणाला?” त्यानंतर ड्रायव्हरनं हवामान हा विषयच सोडला.

माझ्या मुलीच्या बारशाला याला बोलावण्याची चूक मी केली. आमच्या मामांनी कौतुकानं विचारलं, “कवा आलात?”

“समोर बसलोय म्हंजी आलोय.”

मामीही हटणारी नव्हती. “लग्न केलं का न्हाई?”

“न्हाई.”

“का बरं?”

“बायको बोलती.”

मामी आजही विचारते, तो खडूस अजून हाय का कंपनीत.

असा हा माणूस संध्याकाळी एसटी स्टँडाजवळच्या सायबर कॅफेत मात्र दोन-दोन तास फुटलेल्या पाइपासारखा वाहायचा. त्याचा ब्लॉग होता, नाव ‘मुकाट’. कॅफेवाल्या मॅडमनीच मला तो उघडून दाखवला. तिथली भाषा तर बघण्यासारखी. ‘हाती पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला “बाजारला का?” असे विचारणाऱ्यास देवाने डोळे कशासाठी दिले असावेत?’ असं तीन स्क्रीन भरून. खाली अमेरिकेतल्या कुणाचं तरी कौतुक, आणि त्याला उत्तर, ‘आपला अत्यंत आभारी आहे.’ गल्लीत रामराम न घेणारा माणूस सातासमुद्रापलीकडं अत्यंत आभारी होता.

एक लेख माझ्यावरही होता. ‘बसमधला माझा शेजारी रोज खिडकीतून बघून “ऊस चांगला आलाय” असे जाहीर करतो. ऊस दुसऱ्याचा असतो.’ त्या दिवसापासून मी बसमध्ये दुसरीकडं बसायला लागलो. त्याला ते कळलं की नाही, देव जाणे.

मग एका उन्हाळ्यात माझे वडील गेले. आप्पा राहूला थोरल्या भावाकडं असायचे. दोन वर्षांपूर्वी लकवा झाला होता आणि त्यात त्यांची वाचा गेली होती. दारात माणसं येत होती, “सुटले बिचारे” म्हणत होती, जात होती. भानुदासही आला. भिंतीला टेकून तासभर बसला आणि उठून चालू लागला. “वाईट झालं” एवढंसुद्धा तोंडातून काढलं नाही.

मी वहिनीला म्हणालो, “माणूस हाय का दगड?”

“दगड कशापायी?” वहिनी म्हणाली. “दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी यायचे की. आप्पांपाशी बसायला.”

“भानुदास?”

“व्हय. पयल्यांदा समदी येत व्हती. आप्पांना बोलता येईना, मग आल्या माणसालाबी काय बोलावं सुचंना. यायची बंद झाली. भानुदासांना काय बोलायचंच नव्हतं, म्हणून ते येत राह्यले.”

“मला कधी सांगितलं न्हाई तुम्ही.”

“तुम्ही फोनवर ‘बरं हाय ना?’ इचारायचा. मी म्हणायची, बरं हाय.”

शिरूरला परतल्यावर मी कॅफेत जाऊन ‘मुकाट’ उघडला. नवा लेख होता, आणि नेहमीपेक्षा फारच लहान. ‘आम्ही बाज लिंबाखाली ओढून घ्यायचो. रस्त्याने ऊसतोडीच्या बैलगाड्या जायच्या. लंगडा बैल दिसला की आप्पा माझा हात दाबायचे. एकदा मी ब्लॉगवरचा एक लेख त्यांना वाचून दाखवला. ते झोपी गेले. तेव्हापासून काही वाचले नाही, नुसते बसलो. आता गुरुवारी कुठे जावे कळत नाही.’

खाली एकही प्रतिक्रिया नव्हती. अमेरिकेतल्यांना यात हसण्यासारखं काही सापडलं नसावं.

मला मराठी टाइप करता येत नव्हतं. मॅडमना विचारत, एकेक अक्षर शोधत मी लिहिलं, ‘आप्पा अजून काय काय करायचे?’ खाली माझं नाव टाकलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तो सरकला. रांजणगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

शनिवारी कॅफेत गेलो, तर उत्तर आलं होतं. आप्पांना उजव्या पायाला मुंग्या यायच्या तेव्हा ते काय खूण करायचे, इथून सुरुवात होती. मी खाली-खाली जात राहिलो, तरी मजकूर संपेना. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून मॅडमनी विचारलं, “तास झाला तुमचा. वाढवू का?”

मी मान वर न करता म्हटलं, “वाढवा.”