बाहेरील आवाज : निरंक

निसर्गाने डोळ्यांना पापण्या दिल्या, तोंडाला ओठ दिले. कान मात्र कायमचे उघडे ठेवले. ही त्रुटी दूर व्हावी म्हणून माणसाने बंद पाठीचा हेडफोन शोधून काढला. (उघड्या पाठीचाही मिळतो. पण त्यातून आतलं गाणं बाहेर जातं आणि बाहेरचं घर आत येतं. मग नुसतं घरात बसलेलं काय वाईट?)

मी पाणीपुरवठा कार्यालयात गळती शोधतो. लोखंडी दांड्याचं एक टोक रस्त्याखालच्या नळाला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि पाणी कुठे निसटतंय ते सांगायचं, हे माझं एकोणीस वर्षांचं काम. कार्यालयात मला कानसेन म्हणतात. (त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, याची मोजणी अद्याप झालेली नाही.) त्यामुळे घरात हेडफोन घ्यायचं ठरलं, तेव्हा निवड दुसऱ्या कोणावर सोपवणं उचित नव्हतं. ठरवलंही मीच होतं.

दुकानदाराने एक काळा आणि एक तपकिरी असे दोन हेडफोन तीन आठवड्यांसाठी दिले. "आवडेल तो ठेवा, दुसरा परत आणा," म्हणाला. इतक्या गंभीर बाबीत 'आवडेल तो' हा निकष मला पोरकट वाटला. मी वही केली, रकाने आखले : खर्ज, वरचे सूर, कानाची उकड, चष्म्याच्या काडीवर दाब, बाहेरील आवाज. चाचणीची वेळ संध्याकाळी सहा ते आठ, कारण घरातला सर्व आवाज याच वेळेत उपलब्ध असतो.

काळ्याचा खर्ज इतका भरदार, की दाढ हलल्याचा भास व्हावा. पण पंचविसाव्या मिनिटाला कान शिजू लागतात. तपकिरी हेडफोनची गादी लोण्यासारखी; दोष एकच, मान हलवली की घसरतो. किती घसरतो, हे कळायला मान हलवणं भाग होतं. म्हणून समोर कोणाचे ओठ हलताना दिसले, की मी एकदा मान हलवायचो आणि नोंद करायचो. समोरच्याला उत्तर मिळायचं, मला आकडा.

या पद्धतीने दोन आठवड्यांत मी सदतीस गोष्टींना संमती दिली. (आकडा बायकोचा.) पडदे बदलले. मेहुणे आठ दिवस राहून गेले. आमची भेट एकदाच, न्हाणीघराच्या दारात झाली.

तिसऱ्या आठवड्यात मुलगी स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि बराच वेळ बोलली. मी तीनदा मान हलवली. तिने डोळे पुसले, माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि गेली. मी लिहिलं : "बुधवार, सहा चाळीस. तपकिरी. मानवी आवाज, अंतर दोन फूट. ऐकू आलेला भाग : निरंक. घसरण अर्धं बोट. दहापैकी दहा." निवड झाली होती. त्या दिवशी मी फार समाधानात जेवलो.

रविवारी सकाळी दाराशी मोठी बॅग दिसली.

"कोण निघालं?" मी विचारलं.

"तुमची मुलगी," बायको म्हणाली, आणि माझ्याकडे बघतच राहिली.

मुलगी बुटांच्या नाड्या बांधत होती. "बाबा, बुधवारी सगळं बोललो ना आपण? परदेशातली नोकरी, दोन वर्षं. मी विचारलं, जाऊ ना? तुम्ही हो म्हणालात. विचारलं, मनापासून? हो म्हणालात. माझ्याशिवाय नीट राहाल ना, त्यालाही हो. तुम्ही नको म्हणाला असता, तर नव्हतेच जाणार मी."

खरं सांगितलं असतं, तर ती थांबली असती. किंवा आयुष्यभर बोलली नसती. मी म्हणालो, "आठवतंय गं. पण परत एकदा सांग. त्या दिवशी आनंदाच्या भरात नीट ऐकलं गेलं नाही."

बायको भिंतीकडे बघून म्हणाली, "रस्त्याखालचा थेंब ऐकू येतो यांना."

मुलगी बॅगेवर बसली आणि तिने सगळं पुन्हा सांगितलं. काम कसलं, खोली कुठे, सोबत कोण. खाली गाडीवाल्याने दोनदा हॉर्न दिला. खोलीबद्दल सांगताना तिचा आवाज एका जागी किंचित झिरपला. एकोणीस वर्षांचा अनुभव. चूक होणं शक्य नव्हतं.

"भीती वाटते?" मी विचारलं.

"थोडी."

"मलाही."

ती हसली. मग गाडीपर्यंत बॅग मी नेली.

सोमवारी दोन्ही हेडफोन परत केले. दुकानदाराने विचारलं, "काय खराबी निघाली?" मी म्हणालो, "काहीच नाही. अतिशय उत्तम आहेत." त्याने मला वेड्यात काढलं, तसं तो पुटपुटलाही, आणि मला ते स्पष्ट ऐकू आलं.

आता तुमच्याकडे वळतो. मघाशी, तुम्ही हे वाचत असताना, कोणीतरी दाराशी येऊन तुम्हाला काहीतरी विचारून गेलं. तुम्ही नजर वर न करता 'हं' म्हणालात. कशाला म्हणालात, ते जाऊन विचारा. बॅग अजून भरून झाली नसेल.