शेवट फोडल्याची माफी

कॅसेटखाली चिकटवलेली चिठ्ठी वाचून ओकिमोतोबाईंनी कपाळावर हात मारला.

"अहो हिरासेसान, हे काय लिहून ठेवलंत? 'गुण : आईचं काम करणारी बाई खरंखुरं रडते. दोष : शेवटी ती स्टेशनवर मरते, तेही मुलाची गाडी येण्याआधी. एवढी घाई कशाला?' अहो, ती मरते हे सांगूनच टाकलंत की!"

"पण दोष तोच आहे. दुसरा कुठून आणू?" हिरासेसान म्हणाले.

बंदराकडच्या त्या गल्लीत सिनेमाच्या कॅसेटी भाड्याने देणारं ओकिमोतोबाईंचं एवढं एकच दुकान. फळीवरच्या कॅसेटीखाली दुकानाने हाताने लिहिलेली शिफारस चिकटवायची, अशी तिकडे पद्धत. 'नक्की बघा', 'रुमाल घेऊन बसा', असं काहीबाही. बाईंचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून हे काम त्यांनी पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या हिरासेसानवर सोपवलं होतं. आणि हा गृहस्थ शिफारस सोडून परीक्षकासारखे गुणदोष लिहायला लागला!

त्यालाही कारण होतं. कियोए, म्हणजे त्यांची बायको, होती तेव्हा प्रत्येक सिनेमा भांडणाने संपायचा. हे दोष काढणार, ती गुण काढणार, आणि दोघंही हटणार नाहीत. ती गेल्यावर सिनेमा संपला की हिरासेसान टीव्ही बंद करत, आणि काळ्या काचेत एकटे स्वतःच दिसत. फार वाईट वाटायचं त्यांना. मग ते भांडण चिठ्ठीवर उतरवत. गुण तिच्या वाटचे, दोष आपल्या.

गल्लीतली माणसं तोंडावर कधी बोलत नसत. पण त्या आठवड्यात चार गिऱ्हाइकं कॅसेट परत करताना मान तिरकी करून म्हणाली, "जरासं वाईट वाटलं." तिथे याचा अर्थ बोंब मारली असाच घ्यायचा.

"मांजूचा डबा घ्या आणि घरोघर जाऊन माफी मागा," ओकिमोतोबाईंनी फर्मावलं. "नाहीतर चिठ्ठ्या बंद!"

चिठ्ठ्या गेल्या तर बोलायचं कोणाशी? हिरासेसाननी मुकाट्याने मांजूचे, म्हणजे गोड सारण भरलेल्या वाफवलेल्या गोळ्यांचे, डबे घेतले, कोट चढवला आणि निघाले.

पहिलं घर निशिगाकी न्हाव्याचं. दुकान बंद करून बसलेला एकटा म्हातारा. हिरासेसान दारातच कमरेत वाकले. "आपल्या सिनेमाचा विचका केला. क्षमा असावी."

"विचका तर केलाच! आत या. उभ्याने भांडता येत नाही मला, गुडघे धरतात."

"भांडायला नाही, माफी मागायला आलोय."

"मग मागा की, पण बसून! आणि घाई कुठली हो? ती आजारी आहे हे पहिल्यापासून कळतं. शाल दिसली नाही का तुम्हाला?"

"कसली शाल?"

"घ्या! आणि म्हणे हे दोष काढतात!"

दोघांनी पुन्हा कॅसेट लावली आणि शाल शोधत दुपार घालवली. निघताना निशिगाकीने मुळ्याचं लोणचं हातात कोंबलं, कारण भेट घेतली की परतभेट देणं आलंच. पुढच्या घरी संत्री मिळाली, त्याच्या पुढे सुकी मासळी. आता या परतभेटींची परतफेड करायला नको का? हिरासेसान पुन्हा डबे घेऊन फिरले, पुन्हा वाद, पुन्हा लोणचं. घरात मुळ्याचा वास भरला आणि बोलून बोलून त्यांचा घसा बसला. कियोए गेल्यापासून ते पहिल्यांदाच गाढ झोपले.

पण चार घरं ती किती पुरणार? हळूहळू सगळ्यांची फिट्टंफाट झाली. घर पुन्हा गप्प. काळी काच पुन्हा समोर.

तेव्हा हिरासेसाननी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. नव्या रहस्यपटाखाली ठळक अक्षरात लिहिलं, 'दोष : खून डॉक्टरने केलाय हे फार उशिरा कळतं.'

दोनच दिवसांत ओकिमोतोबाईंनी त्यांना गल्ल्याशी बोलावून घेतलं. "तक्रारींचा पाऊस पडलाय. मुद्दाम केलंत ना?"

हिरासेसानचे कान लाल झाले. "मुद्दामच केलं. घरी करमत नाही हो, बाई. माफी मागायला गेलं की कोणीतरी बस म्हणतं."

फळीकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, "ती कॅसेट दिसतेय? आली तशी तिथेच आहे. एकानेही नेलेली नाही."

"मग तक्रारी कसल्या?"

"मला काय विचारता? निशिगाकी तर दोनदा येऊन गेला. आणि चढावरच्या उमेझाकी आजी! त्यांच्याकडे व्हिडिओ लावायचं यंत्रसुद्धा नाही. त्यांना म्हणे सगळ्यांत जास्त वाईट वाटलंय."

हिरासेसान डबा घेऊन धापा टाकत चढ चढले. दार उघडंच होतं. त्यांनी वाकून सुरुवात केली, "आपल्या सिनेमाचा..."

"फार वाईट वाटलं हो मला," आजी घाईघाईने म्हणाल्या. बसायची गादी त्यांनी झटकून ठेवली होती.

"हो, पण आजी, कोणत्या सिनेमाचं?"

आजींनी डबा घेतला, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "ते मला काय माहीत? तुम्हीच सांगायचं. बसा, चहा मघाशीच ओतलाय."