परसूमामांची ठेंगणी चौकट

परसूमामा भर पाण्यात होडी थांबवायचे, चपला काढून काखेत धरायचे आणि म्हणायचे, "डोस्कं सांबाळा मास्तर, चौकट ठेंगणी हाय."

वर आभाळ, खाली सुप्याच्या धरणाचं पाणी. कसली चौकट! पण सगळे वाकल्याशिवाय मामा वल्हं हलवत नसत.

रामनगरात ते माझे शेजारी. गाव धरणात गेलं तेव्हा इकडे आलेले. एका कडक उन्हाळ्यात पाणी खूप ओसरलं, तेव्हा त्यांनी आपल्या बुडालेल्या घराच्या उंबऱ्याशी दगड रचून एक बांबू रोवला. तेवढं पाणी पुन्हा कधी उतरलं नाही. बांबूचं हातभर टोक तेवढं वर दिसायचं. पक्षी बघायला कुणी आलं की मामा होडी आधी त्या टोकाशी नेत आणि पाण्याकडे बघून हाक मारत, "येसू, पाव्हणं आल्यात गं!" मग खिशातून गुळाचे खडे निघत. "घ्या, लाजू नकासा." येसूमामी त्या घरातच वारल्या होत्या.

हे ठाऊक असूनही मी वर्गात मामांची नक्कल करायचो. पोरं खूश, मी त्यांच्याहून खूश.

एकदा माझा मेहुणा बेळगावहून नवाकोरा कॅमेरा घेऊन आला. मामा खानापूरला लग्नाला गेलेले. त्यांची होडी आम्ही न विचारताच काढली. बांबूच्या टोकावर खंड्या बसलेला. पण होडी डुले आणि फोटो हले.

"दाजी, काठीच काठाजवळ रोवली तर?"

"येईल की! पक्ष्याला बसण्याशी मतलब," मी म्हणालो. मी विज्ञान शिकवतो.

दोघांनी हलवून हलवून बांबू उपटला, काठाच्या चिखलात रोवला आणि दुपारभर झुडपात दबा धरून बसलो. खंड्या काही फिरकला नाही. एक कावळा आला. आम्ही कावळ्याचा फोटो काढला.

दोन दिवसांनी मामा दारात. "मास्तर, माझं घर काठाला फिरायला आलंय. कुणी आणलं म्हणायचं?"

"कुणास ठाऊक," मी म्हणालो.

"मोठा पक्षी आसंल. चष्मेवाला."

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"रागावलो न्हाई मी. कुठनं काढली, तेवढं दावा."

होडीतून गेलो खरं, पण तेवढंच मला दाखवता येईना. मी आधी एका वठलेल्या झाडासमोरच्या पाण्याकडे बोट केलं, मग डावीकडे, मग आणखी पुढे. पाणी सगळीकडे सारखंच. इतकी वर्षं मामा त्या टोकाकडे बघूनच वल्हवत आलेले. डोंगराच्या खुणा त्यांनी कधी धरल्याच नव्हत्या. मी दाखवीन तिथं ते बांबू खाली सोडून दगड चाचपत. "हितं न्हाई." पुन्हा, "हितं बी न्हाई." ऊन कलल्यावर त्यांनी बांबू होडीत आडवा ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला.

पुढच्या रविवारी पाहुणे आले. मामांनी काठावरच सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला, चपला काढायला लावल्या. "उंबरा कुठं येतोय ते आता ठावं न्हाई. अनवाणीच बसा."

पाण्यात कुठंही ते थांबले नाहीत. येसूमामींना हाकही मारली नाही. सवयीनं एवढंच म्हणाले, "डोस्कं सांबाळा, मास्तर."

माझी मान काठापासूनच खाली होती.