हिरड्यांची साक्ष

"नाना, खिसे उलटे करा," सून म्हणाली, आणि नाना जागच्या जागी गार पडले.

तीस वर्षं वजनमापं निरीक्षक म्हणून त्यांनी भल्याभल्या दुकानदारांचे तराजू जप्त केले होते. आता निवृत्तीनंतर घरच्यांनी त्यांच्यावरच धाड घातली होती. कारण रक्ततपासणीचा कागद. गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आठ पूर्णांक सहा, हवा होता सातच्या आत. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, रोज तासभर चालणं, तरी आकडा हलायला तयार नव्हता. फॅमिली डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले होते, "कागद खोटं बोलत नाही, नाना. माणूस बोलतो."

बस्स! बायकोनं साखरेचा डबा कपाटात कोंडला. मुलानं कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला त्यांचा फोटो दाखवून ठेवला. चालायला निघाले की नातीला बरोबर धाडलं जाई.

"अगं, नाही खात मी काही!" नाना कळवळून सांगत.

"सगळे असंच म्हणतात," बायको म्हणे.

आणि आज खिशातून निघाला रुमाल. त्यावर तांबूस डाग.

"जॅम!" सून ओरडली. "सासूबाई, सापडला जॅम!"

बायको पदर खोचून धावली. पुरावा पक्का करायला तिनं रुमाल जिभेजवळ नेला आणि तशीच थिजली. "अगं बाई! हे तर रक्त आहे!"

घरात एकच हलकल्लोळ झाला. सुनेनं नवऱ्याला फोन लावला. मुलगा ऑफिसमधून धावत आला. "रक्ताच्या उलट्या होतात आणि तुम्ही गप्प?"

"उलट्या कसल्या? हिरड्यांतून येतं. दात घासले की येतं. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं! मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही खिसे तपासत होतात," नाना म्हणाले. "तोंड कुणी तपासलं?"

मुलानं आईला बरोबर घेऊन तासाभरात त्यांना दाताच्या डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. बाईंनी बारीक सळईनं हिरड्यांतल्या फटींची खोली मोजली आणि विचारलं, "डायबेटीस आहे ना? आटोक्यात येत नाही ना?"

तिघंही चमकले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हिरड्यांनी. आत पू साचलाय. ही सूज तोंडापुरती राहत नाही, रक्तात उतरते आणि इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. मग साखर वाढते, आणि वाढलेल्या साखरेनं हिरड्या आणखी बिघडतात. दोघी एकमेकींना खतपाणी घालतात."

बायकोचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे हे चोरून खात नव्हते?"

"ते हिरड्यांना विचारता येत नाही," बाई हसल्या. "पण आकडा अडून बसायला एवढं कारणसुद्धा पुरतं."

चार खेपांत हिरड्या आतून साफ झाल्या. पथ्य आणि गोळ्या तशाच चालू राहिल्या. तीन महिन्यांनी नवा कागद आला: आठ पूर्णांक एक. अजून पल्ला होता, पण आकडा हलला होता. बायकोनं त्या दिवशी कपाटाची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली आणि आत निघून गेली.

नाना कागद घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे गेले. आता माफी ऐकायचीच, या तयारीनं खुर्चीत ताठ बसले. डॉक्टरांनी कागद वाचला. हिरड्यांची हकिगत ऐकली. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. मग ते उठले, दार लावून आले आणि हळूच म्हणाले,

"नाना, त्या बाईंचा नंबर देता? सफरचंद चावलं की माझ्याही... वर्ष झालं."

"वर्ष?" नानांना धक्काच बसला. "आणि साखर कधी तपासलीत?"

डॉक्टर खाली बघू लागले.

नानांनी टेबलावरची छोटी बॅटरी उचलली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "आ करा."

आणि डॉक्टरांनी मुकाट्यानं आ केला.