डब्याला पोचा नाही

आमच्या शेजारचे सावंत लग्नाला जाताना आहेराचं पाकीट विसरतील, पण पिशवीतला दह्याचा डबा विसरायचे नाहीत. दही खायचं नसे, हलवायचं असे. अंधेरीला मरोळच्या बाजूला आमची सोसायटी. तिथे नुकते रंगीत टीव्ही आले होते, पण फुकटची करमणूक सावंतांचीच. स्टीलचा डबा समोरच्याच्या नाकाशी धरायचा, दोनचार जोराचे हिसके द्यायचे आणि म्हणायचं, "डब्याला पोचा आहे का? नाही ना? आता उघडा."

आत घट्ट लागलेल्या दह्याचं पाणी पाणी झालेलं.

"डोकं म्हणजे हेच," सावंत सांगत. "पडलात, रक्त नाही, टेंगूळ नाही, म्हणून चहा पीत बसू नका. आधी डॉक्टर गाठा."

एका मुंजीत त्यांनी हा प्रयोग भटजींना दाखवला आणि मुहूर्त टळता टळता राहिला. एकदा आमच्या ह्यांच्या साहेबांना दाखवताना झाकण उडालं. साहेबांचा सफारी नवा होता. माझा तर जीवच जायचा, कारण विरजण रोज माझ्याकडचं आणि वाटी कधी धुतलेली परत आली नाही.

पण त्यांच्यावर कुणाला फार हसता यायचं नाही. घरात सुमन होती.

सुमन म्हणजे त्यांची बायको. आरे कॉलनीच्या रस्त्यावर स्कूटरसमोर म्हैस आली, सावंतांनी ब्रेक दाबला आणि मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली सुमन उताणी पडली. उठली, साडी झटकली, "काही नाही हो झालं" म्हणाली. घरी येऊन तिनेच चहा केला, मीही प्यायले. दुसऱ्या दिवशी ती उठेचना.

बऱ्याच दिवसांनी ती हॉस्पिटलातून परत आली. चालत होती, बोलत होती, आमटीची चवही तीच. मला ओळखायची, भाजीवालीला ओळखायची. फक्त नवऱ्याला ओळखायची नाही.

एका दुपारी तिने मला मोरीजवळ नेलं. "वहिनी, हा माणूस हुबेहूब आमच्या ह्यांच्यासारखा दिसतो. खोकतोसुद्धा तसाच. पण हे ते नव्हेत." हे ती भाजीचा भाव सांगावा तितक्या शांतपणे म्हणाली.

संध्याकाळी ती गॅलरीत उभी राहून नवऱ्याची वाट बघायची आणि नवरा तिच्या मागे खुर्चीत पेपर वाचत बसलेला असायचा. जेवताना ती त्यांना पाहुण्यासारखं आग्रहाने वाढायची आणि शेजारी एक ताट झाकून ठेवायची. मी त्या वेळी त्यांच्याकडे जायचं टाळायचे.

मेंदूला मार बसला की असं होऊ शकतं, धीर धरा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोसायटीने मात्र आपलं निदान केलं: आरेच्या झाडीतून काहीतरी सोबत आलंय. ही बातमी कणकवलीला पोचली आणि सुमनचा भाऊ बाळा येऊन दाखल झाला.

"भावोजी, ही बाधा आसा," तो म्हणाला. "ताईक मी गावाक नेतंय. भगताक दाखवया."

तो भगत बायकांचे केस धरून त्यांना घुमवतो, छडीने मारतो, हे सावंतांना ठाऊक होतं. त्यांनी डबा काढला. "बाळा, ह्यां एकदा मोडला. परत हलवलास तर काय उरतला?"

बाळाने डबा बाजूला सारला. "बहीण माझी आसा. मी तिकाच इचारतंय."

सुमन पदर सावरत बाहेर आली. "नको रे बाळा. मी गेले आणि हे आले तर? कुलूप बघून परत जातील." मग तिने सावंतांकडे पाहिलं. "हे गृहस्थ चांगले आहेत. काही त्रास देत नाहीत. आमचे हे येईपर्यंत मी इथंच थांबते."

"थांबा ना," सावंत म्हणाले. "येतील ते."

मला तिथे उभं राहवेना. बाळा मात्र अजून ऐकत नव्हता. सकाळी घेऊन जातो म्हणाला.

सकाळी मी रोजच्यापेक्षा लवकर दूध घ्यायला दार उघडलं, तर सावंत बाहेर पॅसेजमध्ये सतरंजी उचलत होते. त्यांच्या दारात बाळा पिशवी घेऊन उभा होता.

"घरात दोन खोल्या असताना तुम्ही इथं झोपता?" मी विचारलं.

"रोजच," ते म्हणाले. "तिचा नवरा घरी नाही ना, वहिनी. परका पुरुष आत झोपला तर लोक तिलाच नावं ठेवतील. ती आतून कडी लावते, तेव्हा कुठं तिला झोप लागते."

बाळाने पिशवी खाली ठेवली. सतरंजीचं दुसरं टोक धरलं आणि घडी घालू लागला. दुपारच्या एस.टी.ने तो एकटाच गावी गेला.